जुनी पद्मिनी, नवी गाडी आणि महेश्वरची नाव: साधे यंत्र कुठे घ्यावे, नवे तंत्र कुठे

इंदूरमध्येच राहणाऱ्या एका गृहस्थांनी सविस्तर पत्र लिहून तीन गोष्टी विचारल्या आहेत. त्यांच्याकडे वडिलांनी १९८९ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. ती चालू स्थितीत आहे, तरी ती काढून नवी गाडी घ्यावी असा घरच्यांचा आग्रह आहे. दुसरे असे की मेहुण्यांच्या भागीदारीत ते नर्मदेवर महेश्वरला प्रवासी नाव सुरू करणार आहेत, आणि तीत जुन्या पद्धतीचे साधे डिझेल इंजिन बसवावे की नव्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे, याचा निर्णय होत नाही. तिसरा प्रश्न मुलाचा आहे : तो यंदा १८ वर्षांचा झाला, त्याला पद्मिनीवर गाडी शिकवावी का? त्यांचे स्वतःचे मत त्यांनी स्पष्ट लिहिले आहे, की जुने यंत्र दुरुस्त होते आणि नवे फक्त बदलावे लागते, म्हणून जुनेच चांगले.

माझे उत्तर आधीच सांगतो, म्हणजे पुढचे विवेचन कशासाठी आहे ते कळेल. पद्मिनी ठेवा, पण तिच्यावर रोजच्या धावपळीचा भार टाकू नका. रोजच्या वापराला नवी गाडी घ्या, मात्र नव्यांतली साधी घ्या. नावेत एक तर पूर्ण यांत्रिक डिझेल बसवा किंवा थेट विजेची मोटर; मधला मार्ग तुमच्या कामासाठी मला पटत नाही.

जुने दुरुस्त होते आणि नवे बदलावे लागते हे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि त्यातला खरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे. यांत्रिक भाग झिजतो तो हळूहळू, आणि झिजताना खुणा देतो. पद्मिनीच्या डिस्ट्रिब्युटरमधले, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या डबीतले, पॉइंट जळू लागले की आधी सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, मग चढावर गाडी मिसिंग करू लागते, आणि त्यानंतर पुष्कळ दिवसांनी ती एखाद्या चौकात बंद पडते. ज्याचे लक्ष आहे त्याला दुरुस्तीसाठी कित्येक आठवडे मिळतात. झाकणाच्या दोन क्लिपा काढल्या की पॉइंट समोर दिसतात. काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासायचे, फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित कमी राहील अशी फिलर गेजने जुळवायची, आणि गाडी पुन्हा चालू होते. इलेक्ट्रॉनिक भागाचे तसे नसते. तो वर्षानुवर्षे काहीही न मागता उत्तम काम करतो आणि एके दिवशी थांबतो. थांबण्यापूर्वी तो बहुधा काही सांगत नाही, आणि थांबल्यावर त्याच्याकडे नुसते पाहून काही कळत नाही.

उरलेला अर्धा भाग मात्र लोक विसरतात. जुनी गाडी कमी बिघडते असे मुळीच नाही. ती लहान लहान कारणांनी पुन्हा पुन्हा बिघडते, आणि ते बिघाड सोसवतात याचे कारण ते स्वस्त असतात व उघड्या डोळ्यांना दिसतात. मे महिन्यात दुपारी राजवाड्याच्या गर्दीत अडकलेल्या, कार्ब्युरेटरने हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या गाडीचे पेट्रोल पंप आणि कार्ब्युरेटर यांच्यामधल्या नळीतच उकळते, पंप वाफ ओढत बसतो आणि गाडी बंद पडते. मग पंपावर ओले फडके ठेवून वाट पाहणे एवढेच हाती उरते. पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या नव्या, इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीत बुडालेला असतो आणि नळीत ३ ते ४ बारचा दाब असतो, म्हणून हा त्रास जवळजवळ संपला आहे. सकाळी चोक ओढणे, पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात ओल शिरणे, दर काही हजार किलोमीटरना टॅपेट जुळवणे, ग्रीस भरणे, हे सगळे ज्याला मनापासून आवडते त्यानेच जुनी गाडी बाळगावी. ज्याला फक्त कार्यालयात वेळेवर पोहोचायचे आहे त्याच्यावर ती लादू नये.

पद्मिनीच्या बाबतीत आता एक नवी अडचण आहे, आणि तिच्याकडे तुम्ही तातडीने लक्ष द्यावे असे मला वाटते. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन मुळातच असल्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, तर इथेनॉलला सुमारे ९ पुरतात. नव्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि संगणक पेट्रोल तेवढे वाढवतो. कार्ब्युरेटरचा जेट म्हणजे पितळेत पाडलेले ठरावीक मापाचे भोक. त्याला काही कळत नाही, आणि इंजिन कमी पेट्रोलवर, म्हणजे ‘लीन’, चालू लागते. त्यामुळे पिकअप मंदावतो, इंजिन जास्त तापते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याचा धोका वाढतो. मुख्य जेट एक माप मोठा घालून आणि स्लो, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, पुन्हा जुळवून हे बऱ्याच अंशी सुधारते. त्याहून गंभीर प्रश्न रबराचा आहे. १९८९ च्या काळातल्या पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि पॅकिंग इथेनॉलसाठी बनलेलेच नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात आणि तडकतात, आणि तडकलेल्या नळीतून गळणारे पेट्रोल थेट गरम मॅनिफोल्डच्या शेजारी पडते. सगळ्या नळ्या व्हायटन रबराच्या घालून घ्या. इथेनॉल हवेतली ओल ओढते, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नका. पत्र्याची टाकी आतून गंजते आणि तोच गंज पुढे जेटमध्ये येऊन बसतो.

आता नव्या गाडीकडे वळू. नव्या गाड्यांविषयी जी तक्रार सर्वाधिक ऐकू येते, की गाडीच्या संगणकातली बिघाडाची नोंद वाचणारा स्कॅनर लावला, कोड आला, भाग बदलला आणि बिघाड तसाच राहिला, तिच्यात पुष्कळदा दोष गाडीपेक्षा काम करण्याच्या पद्धतीचा असतो. एक उदाहरण जवळून सांगतो. सिमरोलच्या पुढे बंद पडलेली एक पेट्रोल गाडी आमच्या गॅरेजमध्ये ओढून आणली होती. सेल्फ फिरत होता, इंजिन पकडत नव्हते, आणि स्कॅनर पी ०३३५ हा कोड दाखवत होता, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचे फिरणे टिपणाऱ्या क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे. आधीच्या गॅरेजमध्ये नवा सेन्सर बसवला होता आणि तरी गाडी दोन दिवसांनी पुन्हा थांबली होती. आम्ही सेन्सरला हात लावला नाही. मल्टिमीटरने सेन्सरच्या कनेक्टरपासून संगणकापर्यंत एकेक वायर तपासली. एका वायरचा रोध वायर हलवली की बदलत होता. वरचे आवरण अखंड दिसत होते, पण कनेक्टरच्या चार बोटे मागे ते सोलल्यावर आत तांब्याचे तंतू हिरवे पडून दोन-तीनच शिल्लक होते. उंदराचा दात केव्हातरी लागला असावा, त्या बारीक छिद्रातून दोन पावसाळ्यांचे पाणी आत गेले होते. वीतभर वायर जोडली, डाग दिला, उष्णतेने आकसणारी नळी चढवली, आणि काम झाले.

कोड सांगतो तो एवढेच सांगतो की अमुक ठिकाणाहून अपेक्षित खबर आली नाही. खबर का आली नाही, ते शोधणे कारागिराचे काम आहे. ते काम पद्मिनीच्या काळातही असेच होते; तेव्हा कान आणि बोटे चालत, आता मल्टिमीटर आणि वायरिंगचा नकाशा वाचता येणे लागते. म्हणून नवे दुरुस्तच होत नाही असे मी कधी म्हणणार नाही. आयटीआयमधून येणाऱ्या मुलांना स्कॅनर चालवायला एका दिवसात येतो, पण व्होल्टेज ड्रॉप कसा मोजायचा हे कोणी नीट शिकवत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. छोटी ग्वालटोलीतल्या दुकानांतून भाग वाटेल तितके मिळतात. कमतरता आहे ती कारण शोधणाऱ्यांची.

मात्र नव्या गाड्यांबाबतचा एक आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि माझ्या मते साधेपणाची खरी कसोटी तिथेच आहे. यंत्र जुने आहे की नवे, तारेवर चालते की दांड्यावर, हे दुय्यम आहे. एका भागाचा बिघाड दुसऱ्या भागाला थांबवतो का, हे पाहावे. पद्मिनीचा हॉर्न बंद पडला तर हॉर्नच बंद पडतो. आजच्या पुष्कळ गाड्यांत दरवाजाचे लॉक, चावीची ओळख, दिवे, वायपर आणि इंजिन सुरू करण्याची परवानगी हे सगळे एकाच जाळ्यावर एकमेकांशी बोलत असते. एका कोपऱ्यातल्या मोड्यूलमध्ये पाणी शिरले तर सगळे जाळे गप्प होते आणि निर्दोष इंजिन सुरूच होत नाही. पडद्यावरच एसी आणि पडद्यावरच काच पुसण्याचा वेग असेल, तर पडदा गेल्यावर पावसात काय करायचे, हा प्रश्न विक्रेत्याला विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

म्हणून नवी गाडी घेताना पेट्रोल घ्या, टर्बो नसलेले इंजिन घ्या, आणि पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, इनटेक पोर्टमध्ये फवारणारे घ्या. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनाला दीड-दोनशे बार आणि त्याहून जास्त दाबाचा वेगळा पंप लागतो. शिवाय इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतला जात नसल्यामुळे त्याच्या मागच्या बाजूला कार्बन साचत जातो. इंजिनाची ताकद त्यात जास्त मिळते, हे खरे आहे. पण तुम्ही गाडी १५ वर्षे ठेवणार म्हणता, आणि १५ वर्षांच्या हिशेबात मला पोर्ट इंजेक्शनच बरे वाटते. गिअर हाताचे घ्या. एसीला आणि आवाजाला गोल फिरणारी बटणे असतील अशी गाडी शोधा, अजून मिळतात.

डिझेल गाडी तुम्ही घेऊ नये. तुमचे रोजचे अंतर रामबागेपासून विजयनगरपर्यंत आणि परत एवढेच आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ हे धुराचे निकष लागू झाल्यानंतर डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर आला. तो अधूनमधून आतली काजळी जाळून स्वतःला मोकळा करतो, पण त्यासाठी धुराचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत जावे लागते आणि गाडी काही वेळ सलग चांगल्या वेगाने चालावी लागते. शहरातल्या सिग्नलांमध्ये ते घडत नाही, फिल्टर भरत जातो, आणि एके दिवशी इंजिन आपली शक्ती आपणच कापून टाकते. हीच गाडी जो दर आठवड्याला भोपाळला जातो त्याच्याकडे वर्षानुवर्षे निर्वेध चालते.

सुरक्षिततेच्या बाबतीत मला जुन्या गाडीची बाजू एका वाक्यानेही घेता येत नाही. पद्मिनीला चारही चाकांवर ड्रम ब्रेक आहेत. खंडवा रोडने भेरूघाट उतरताना ब्रेकवर सतत पाय राहिला तर ड्रम तापून फुगतो, लायनिंगची पकड सुटते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. खालच्या गिअरमध्ये उतरण्याची सवय असलेला माणूस हे टाळतो, पण समोर अचानक ट्रक थांबला तर सवय अपुरी पडते. एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाके अडकू न देणारी यंत्रणा, एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचे झाले. त्यामुळे ओल्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक मारूनही चाके अडकत नाहीत आणि स्टिअरिंग हातात राहते. त्यात चाकाजवळचे सेन्सर, व्हॉल्व्ह आणि एक संगणक आहे, म्हणजे गुंतागुंत आहेच. पण तो बिघडला तर पिवळा दिवा लागतो आणि ब्रेक साध्या ब्रेकसारखे चालू राहतात. बिघाड वेगळा ठेवण्याची जी कसोटी मी वर सांगितली, तिच्यात एबीएस पूर्ण उतरते. एअरबॅग, चुरगळून धक्का झेलणारा पुढचा भाग, मागच्या सीटवर तीन बिंदूंचे पट्टे, यांतले काहीही पद्मिनीत नाही आणि नंतर नीट बसवताही येत नाही. मुलाबाळांना घेऊन महामार्गावर जाताना नवी गाडीच काढा.

धुराचेही तसेच आहे. पद्मिनीला धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. ती कितीही नीट जुळवली तरी तिच्या धुरात जे जाते ते आजच्या गाडीच्या कितीतरी पट असते. महिन्यातून काही वेळा चालवण्यात मला गैर वाटत नाही. रोज चालवणे मला पटणार नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती आपल्याच गावची आहे. महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूझेनबर्ग कंपनीची सुपरचार्जर लावलेली एसजे गाडी घेतली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बनवून घेतली. आज ती ‘क्लासिक’ म्हणून जगभर गौरवली जाते. पण त्या काळात तिच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाला डोक्यावर दोन कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह होते, शासीला आपोआप वंगण पोहोचवणारी यंत्रणा होती, आणि तेल बदलण्याची वेळ झाली की डॅशबोर्डवर दिवा लागत असे. म्हणजे आपण ज्याला जुना साधेपणा म्हणतो ते त्या काळाचे अगदी पुढचे तंत्र होते. ते आजही जपता येते, कारण त्याचा प्रत्येक भाग उघडता येतो, मोजता येतो आणि लेथवर पुन्हा घडवता येतो. आजच्या गाडीचा संगणक ५० वर्षांनी कोण घडवणार, ही चिंता मला खरोखर वाटते, आणि म्हणूनच चालू स्थितीतली पद्मिनी मोडीत काढू नका असे मी आग्रहाने सांगतो. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी होते, ते वेळेवर करत राहा. दिल्ली परिसरातले वयाचे निर्बंध इंदूरला लागू नाहीत. ५० वर्षे पूर्ण झाल्यावर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची ‘विंटेज’ म्हणून नोंद करता येईल, मात्र त्या नोंदीवर रोजचा वापर करता येत नाही.

आता नाव. इथे निर्णय गाडीपेक्षा कठीण आहे, कारण गाडी बंद पडली तर ती उभी राहते, पण नाव बंद पडली तर ती प्रवाहाबरोबर जाते. महेश्वरच्या वरच्या बाजूला धरणे आहेत, पाणी सोडले की पातळी आणि ओढ दोन्ही बदलतात, आणि त्याच वेळी इंजिनाने साथ सोडली तर तुमच्या हातात काही मिनिटे असतात. त्या मिनिटांत नावेवरचा माणूस काय करू शकतो, या एका प्रश्नावर इंजिन निवडावे.

यांत्रिक इंजेक्शनचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की त्याला विजेची गरज राहत नाही. बॅटरी उतरली, डायनामो जळला, वायरिंग ओले झाले, तरी ते चालते. बंद पडण्याची कारणे बहुतेक डिझेलच्या वाटेवर असतात : फिल्टर भरला, डिझेलमध्ये पाणी आले, किंवा टाकी हलून नळीने हवा ओढली. हवा काढण्याचे काम नावेतल्या नावेत होते. फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि हातपंप मारत राहायचे. आधी पांढरा फेस येतो, मग बुडबुडे येतात, मग डिझेलची अखंड धार येते, तेव्हा स्क्रू घट्ट करायचा. तरी पकडले नाही तर इंजेक्टरच्या नळीचा नट १७ नंबरच्या पान्याने सैल करून इंजिन फिरवायचे. तिथून डिझेल उडू लागले की नट आवळायचा, आणि इंजिन धडधडून पकडते. हे तुमच्या नावाड्याला एकदा समोर बसवून स्वतःच्या हाताने करायला लावा. सोबत दोन फिल्टर, एक हातपंप, एक बेल्ट, पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा आणि हे पाने एका डब्यात कायम नावेत ठेवा. नर्मदेच्या पाण्यात वाळू असते, तो रबरी पंखा ती लवकर झिजवते. इंजिन तापू लागले तर प्रथम तोच उघडून पाहा.

यांत्रिक म्हणजे सगळेच घाटावर दुरुस्त होते असा समज मात्र करून घेऊ नका. इंजेक्शन पंपातला प्लंजर आणि त्याचे बॅरल यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. तो घाटावर उघडायचा नसतो. तो इंदूरला पंप-नोझलवाल्याकडे टेस्ट बेंचवरच जायला हवा. असे जाणते पंप-नोझलवाले आता कमी होत चालले आहेत, म्हणून चांगला कोण आहे ते इंजिन घेण्याआधी शोधून ठेवा. पंप जपायचा असेल तर टाकी आणि पंप यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा पारदर्शक वाटीचा फिल्टर बसवा. रोज सकाळी वाटीकडे एक नजर टाकली की खाली पाणी जमले आहे का ते दिसते.

नव्या कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे संगणकाने फवारा ठरवणाऱ्या इंजिनात, दाब हजार बारच्या वर, कधी २,००० बारपर्यंत जातो. त्याचा धूर कमी, आवाज कमी, डिझेलही कमी लागते, आणि समुद्रावरच्या मोठ्या नौकांवर, जिथे दोन इंजिने असतात आणि बंदरात कंपनीचा माणूस येतो, तिथे ती योग्यच आहेत. पण तुमच्या नावेत इंजिन एकच असणार. त्याचा एक सेन्सर रुसला आणि संगणकाने शक्ती कापली तर महेश्वरच्या घाटावर स्कॅनर घेऊन कोणी उभे नसेल. परदेशात खाऱ्या पाण्यावरून नौकांतल्या इलेक्ट्रॉनिक्सविषयी जी भीती सांगितली जाते ती नर्मदेच्या गोड पाण्यावर तितकी लागू नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. आपल्याकडे अडचण गंजण्यापेक्षा अंतराची आहे.

पेट्रोलच्या आउटबोर्डविषयी, म्हणजे नावेच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाविषयी, थोडक्यात. जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड उचलायला हलके आणि उघडायला सोपे असते, पण त्यातले सुमारे चतुर्थांश पेट्रोल न जळताच तेलासकट पाण्यात जाते. इंदूरला प्यायचे पाणी महेश्वरच्या शेजारच्या जलूदहून येते; त्या नदीत हे सोडणे मला सहन होणार नाही, मग यंत्र कितीही साधे असो. फोर-स्ट्रोक आउटबोर्ड त्या मानाने पुष्कळ स्वच्छ आहे. तरी प्रवासी नावेत पेट्रोल साठवणे धोक्याचे आहे, कारण त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, नावेच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेटते. डिझेलचा हा धोका फार कमी आहे.

विजेची मोटर हा तुमच्या पत्रात नसलेला पर्याय, आणि मला वाटते तोच तुमच्या कामाला सगळ्यांत जवळचा आहे. ती तंत्राने सर्वांत नवी आणि रचनेने सर्वांत साधी आहे : फिरणारा भाग एकच, फिल्टर नाही, तेल नाही, नोझल नाही. केरळमध्ये वैक्कम ते तवणक्कडवू या मार्गावर ७५ प्रवाशांची ‘आदित्य’ ही सौर फेरी २०१७ पासून चालते, म्हणजे हा प्रयोग राहिलेला नाही. हिशेब असा करा. एक लिटर डिझेलपासून चांगल्या इंजिनाच्या शाफ्टवर सुमारे ३ युनिट काम मिळते. तुमच्यासारखी नाव तासाला २ लिटर डिझेल घेत असेल तर मोटरला बॅटरीतून तासाला ७ युनिटच्या आसपास लागतील. दिवसभरात प्रत्यक्ष चालणे ३ तासांचे असेल तर २० ते २२ युनिटची बॅटरी हवी. वेग थोडा कमी केला तर हा आकडा झपाट्याने उतरतो, कारण लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते; वेग पाचव्या हिश्श्याने घटवला तर शक्ती जवळजवळ निम्मी पुरते. घाट आणि किल्ला पाहायला आलेल्या माणसाला घाई नसतेच. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या आणि ती दोन स्वतंत्र संचांत ठेवा, प्रत्येकाला वेगळा स्विच आणि वेगळा कंट्रोलर, म्हणजे एक गेला तरी दुसऱ्यावर काठ गाठता येईल. पैसे सुरुवातीला बरेच जास्त लागतील. ते जमत नसतील तर यांत्रिक डिझेल निःशंकपणे घ्या.

दोन्हींत काही गोष्टी सारख्याच ठेवा. नांगर आणि पुरेसा दोर पुढच्या बाजूला मोकळा, गुंता नसलेला. दोन वल्ही आणि एक लांब बांबू. तळातले पाणी उपसणारा पंप इंजिनाच्या बॅटरीवर न ठेवता वेगळ्या बॅटरीवर, आणि सोबत हाताने चालणारा एक पंप. दिवे आणि फोन चार्जिंग त्याच वेगळ्या बॅटरीवर घ्या. प्रत्येक प्रवाशाला मापाचे लाइफ जॅकेट, आणि ते अंगावर, खाली ठेवलेले नाही. अंतर्देशीय जहाज अधिनियम २०२१ ने १९१७ चा जुना कायदा बदलला आहे. इंजिनाच्या नावेची नोंदणी, तपासणी आणि विमा त्याच्या चौकटीत येतात. इंजिनाची ऑर्डर देण्याआधी तपासणी अधिकाऱ्याला आराखडा दाखवा, नंतर बदल करणे महागात पडते.

राहिला मुलाचा प्रश्न. त्याला पद्मिनीवर जरूर शिकवा. स्टिअरिंगखालचा गिअर, पॉवर स्टिअरिंग नसलेले चाक आणि ताकद लावून दाबावा लागणारा ब्रेक यांमुळे गाडीचे वजन कुठे जाते हे त्याला शरीराने कळेल, आणि बॉनेट उघडल्यावर पेट्रोल कुठून येते व ठिणगी कुठून येते हे बोटाने दाखवता येईल. मात्र शिकण्याची जागा मोकळे मैदान किंवा वस्तीतला सकाळचा रिकामा रस्ता असू दे. हात बसला की पुढचा सराव नव्या गाडीवर करा, आणि त्यात एकदा ओल्या, मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाने त्याला पूर्ण ब्रेक मारायला लावा, म्हणजे एबीएस चालते तेव्हा पायाखाली पेडल कसे थरथरते ते त्याला कळेल. पहिल्यांदाच ते जाणवले की नवशिके घाबरून पाय उचलतात. भेरूघाट त्यानंतर.